‘केरबा’ हे नाव जसेच्या तसे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परवा जुन्या मराठी नावांची यादी आली. त्यात ‘केरबा’ या नावापुढे अर्थ म्हणून ‘कचरा’ एवढा एकच शब्द होता आणि पुढे ‘हिणकस नाव’ असा शेरा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल, भुदरगड या तालुक्यांत कितीतरी घरांतल्या आजोबा-पणजोबांचे नाव केरबा आहे. त्यांच्या नातवंडांनी ती यादी वाचली असेल. जुने सातबारे, फेरफार, जन्म-मृत्यूची रजिस्टरे आणि मोडी कागद वाचून देण्याचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. हे नाव आमच्या नजरेखालून रोज जाते, आणि त्याचा अर्थ एका शब्दात उरकण्यासारखा नाही.

केर म्हणजे झाडून काढलेला कचरा, इथपर्यंत यादी बरोबर आहे. पण तो केर नावात कसा आला? ज्या बाईची एकामागून एक दोन-तीन मुले गेली, तिला पुढचे मूल झाले की घरातल्या म्हाताऱ्या त्याला सुपात घालून परसातल्या केराच्या ढिगावर किंवा उकिरड्याच्या कडेला क्षणभर ठेवत. शेजारीण किंवा सुईण, शक्यतो जिची सगळी मुले जगली आहेत अशी बाई, ते मूल उचलायची आणि ‘मला केरात पोर सापडलं’ असे मोठ्याने म्हणायची. मग आई ते मूल तिच्याकडून विकत घ्यायची. किंमत मूठभर कोंडा, पसाभर धान्य किंवा एखादा पैसा. मुलगा असेल तर केरबा किंवा केरू, मुलगी असेल तर केराबाई. मूल या घरचे नाही, त्याला काही मोल नाही, तेव्हा दृष्ट लावणाऱ्यांनी, सटवीने आणि काळाने याच्याकडे बघू नये, असा हा सगळा खटाटोप. जे मूल कुठल्याही परिस्थितीत हातचे जाऊ द्यायचे नव्हते, त्याचेच नाव केरबा पडायचे.

दुसरी गोष्ट, केर या शब्दाला आपल्याकडे निव्वळ घाणीचा वास नाही. दिवेलागणीनंतर झाडलेला केर घराबाहेर टाकत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहतात. केरसुणीला पाय लागला तर पाया पडणारी माणसे आजही घरोघरी आहेत. ज्या समाजाने केरसुणीला लक्ष्मी मानले, त्याने पोराला केरबा म्हटले तर त्यात हिणवणे शोधू नये.

नावातला ‘बा’ तर यादीकर्त्याने बघितलेलाच दिसत नाही. जोतिबा, खंडोबा, विठोबा, म्हसोबा यांतला तोच हा ‘बा’, ज्ञानोबा-तुकोबांमधलाही तोच. नुसते ‘केर’ असे नाव कुणी ठेवत नाही. केराला देवासारखा ‘बा’ जोडून नाव पुरे होते. वय वाढले की त्यावर नातेही चढते: केरबातात्या, केरबानाना, केरूमामा. कागल, गडहिंग्लजकडे कानडीच्या शेजारामुळे ‘अप्पा’ लागलेली नावे भरपूर आहेत, सिद्धाप्पा, यल्लाप्पा, बिराप्पा. तिकडच्या कागदांत ‘बा’ आणि ‘अप्पा’ एकाच घरात नांदताना दिसतात.

याच कुळीतली इतर नावेही त्या यादीत तितक्याच घाईने उडवली आहेत. दगडू, दगडाबाई म्हणजे दगडासारखे टिको. भिकाजी, भिकोबा, भिकाबाई म्हणजे देवाकडे किंवा पाच घरी पदर पसरून मागून घेतलेले मूल. नथू, नथोबा म्हणजे मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवले. कोंडिबा, कोंडाजी ही नावे वर सांगितलेल्या कोंड्याच्या देवघेवीतली मानली जातात. 1673 साली अवघ्या 60 मावळ्यांनिशी पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. पिराजी म्हणजे पिराला नवस बोलून झालेला, आणि हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातही आहे. धोंडू, धोंडिबाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मला म्हणूनही धोंडू नाव ठेवतात. त्यामुळे प्रत्येक धोंडूमागे आधीची गेलेली मुले असतीलच असे नाही. घरात विचारल्याशिवाय अर्थ लावू नये.

ही नावे फक्त अडाणी किंवा गरीब घरांत ठेवली जात, असा यादीचा सूर आहे. तोही खरा नाही. गणिताचे आणि ज्योतिषाचे नामवंत प्राध्यापक, लोकमान्य टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे (1825 ते 1884) यांचे मूळ नाव विनायक होते. जग त्यांना केरो लक्ष्मण छत्रे म्हणूनच ओळखते. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो. 1958 साली भारतरत्न मिळाले तेव्हाही ते धोंडो केशव कर्वेच होते.

केरूनानांच्या उदाहरणात एक बारकावा आहे, आणि कागद शोधताना तोच बहुतेकांना नडतो. पाळण्यातले नाव वेगळे आणि हाकेचे नाव वेगळे. बाराव्या दिवशी ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून दिले-घेतले जाते, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते. ते नाव राशीप्रमाणे किंवा देवाचे असते आणि दृष्ट लागू नये म्हणून ते उघडपणे घेतच नाहीत. हाक मात्र केरबा. पुढे तलाठ्याने, मास्तरांनी, सोसायटीच्या सेक्रेटरीने हाकेचेच नाव लिहून घेतले. म्हणून एकाच माणसाचे नाव पत्रिकेत एक आणि सातबाऱ्यावर दुसरे निघते. यात लबाडी नसते.

आता यादीतली सर्वांत मोठी चूक. तिथे केरबा आणि नकुशी ही नावे एकाच ओळीत ठेवली आहेत. नकुशी, नकोशी, नकुसा हे मुलगी नको असताना झाली म्हणून दिलेले नाव. ते त्या मुलीला जन्मभर बोचते, आणि ते बदललेच पाहिजे. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात 285 मुलींना समारंभाने नवी नावे दिली, ते योग्यच झाले. पण केरबा हे हवे असलेल्या मुलाचे नाव आहे. दोन्ही नावे कानाला ओबडधोबड लागतात, एवढ्यावरून त्यांना एका दावणीला बांधणे हा त्या आयांवर अन्याय आहे.

हे नाव इतके का चालले आणि मग एकदम का थांबले, याचे कारण भाषेत शोधायला नको. ते मुलांच्या मरणात आहे. देवी, पटकी, प्लेग, 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ) या सगळ्यांतून मूल वाचवणे आईच्या हातात नव्हते. 1971 सालीसुद्धा देशात हजार जिवंत जन्मांमागे 129 बाळे वर्षाच्या आत जात. 2020 मध्ये हा आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 वर आला. देवीचा देशातला शेवटचा रोगी 1975 चा. लसी आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तसा सूप घेऊन केरापर्यंत जायचा प्रसंगच उरला नाही. त्यामुळे आज केरबा हे नाव मुख्यतः ‘वडिलांचे नाव’ आणि ‘आजोबांचे नाव’ या रकान्यांत सापडते, किंवा देवळाच्या देणगी फलकावर. हे नाव दुर्मिळ झाले याचे दुःख करू नये. मुले जगू लागली म्हणून ते मागे पडले. पण ज्यांनी ते जन्मभर वागवले, त्यांच्या कागदांवरून ते पुसले जाऊ नये, एवढीच काळजी घ्यायची आहे.

पुसले जाते ते दोन वाटांनी. पहिली वाट सुधारणेची. जोतिबाचे जे झाले तेच इथे होते. महात्मा फुले यांचा जन्म 1827 चा. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून त्यांचे नाव जोती पडले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे, आणि ते स्वतः ‘जोतीराव’ अशी सही करत. तरी आजही फलकांवर सर्रास ‘ज्योतिबा’ लिहिले जाते, कारण जोडाक्षर आले की नाव शुद्ध झाले असे वाटते. केरबाचेही कुणी ‘केदार’ करतो, कुणी ‘केशव’. अलीकडे नातवाचे नाव ‘कैरव’ ठेवून ‘हे आजोबांच्याच नावाचे शुद्ध रूप’ असे सांगतात. कैरव म्हणजे पांढरे कमळ. नाव सुरेख आहे, जरूर ठेवावे, पण त्याचा केरबाशी पहिल्या अक्षराच्या उच्चारापलीकडे संबंध नाही.

दुसरी वाट साध्या हातचुकीची, आणि तिने जास्त नुकसान होते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पुसट झाली की ‘केरबा’चा ‘केरवा’ होतो. केरवा हा 8 मात्रांचा ताल आहे, माणसाचे नाव नव्हे. तरी संगणकीकृत उताऱ्यांत तो भेटतो. आपण नाव उच्चारताना ‘र’मधला ‘अ’ खातो, म्हणून इंग्रजीत ते के-ई-आर-बी-ए असे लिहिले जाते. तेच अक्षर यंत्राने पुन्हा मराठीत आणले की ‘केर्बा’ होते, आणि त्यावरून पुढचा माणूस ‘कर्बा’ लिहितो. आधार, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणी इंग्रजी अक्षरे एकसारखी आहेत का आणि मराठी ओळ हाताने दुरुस्त केली आहे का, हे अर्ज जमा करण्याआधी पडद्यावर बघून घ्यावे. नंतर बघण्यात अर्थ नसतो.

जुन्या कागदांत तर वेगळाच पेच. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, त्यामुळे ‘केरु’ की ‘केरू’ हा वाद मोडी कागदावरून सुटत नाही, आणि त्यावरून दोन माणसे वेगळी ठरवू नयेत. समजा नोंद आहे, ‘केरबा बिन दौलू बिन रामा’. ती ओळ सलग लिहिलेली असते. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, हे माहीत नसलेला वाचक ‘केरबाबिन’ असे नवेच नाव काढतो, किंवा ‘बिन’ला ‘बीन’ करून आडनावाच्या जागी बसवतो. ‘वल्द’चा अर्थही तोच. ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ बाईच्या नावापुढे येतात आणि त्यापुढचे नाव नवऱ्याचे असते. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्याचा) पालनकर्ता, ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. ही अक्षरे नावाचा भाग समजून टंकलेली उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. 2023 पासून जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून अशा वाचनावर घरांची भिस्त आहे. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हातात असूनही त्यावर ‘केरू’ आणि वंशावळीत ‘केरबा’ असल्यामुळे पडताळणीत अडकलेली प्रकरणे कमी नाहीत.

अशा वेळी काय करावे? आधी एकच रूप खरे मानून बाकीची खोडायच्या मागे लागू नका. केरबा, केरू, केरोबा ही एकाच नावाची तीन रूपे आहेत, हे कागदांनी दाखवा. त्यासाठी गाव नमुना 6 मधले जुने फेरफार, 6 क ही वारस नोंदवही, नमुना 14 ची जन्म-मृत्यूची नोंद आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा गोळा करा. शाळेच्या उताऱ्यात जन्मतारीख 1 जून दिसली तर दचकू नका. तारीख ठाऊक नसलेल्या पोरांना मास्तरांनी सरसकट 1 जून लावलेली असते, म्हणून ओळख पटवताना तारखेवर फार जोर देऊ नये. बापाचे नाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि भावकीची नावे जुळवावीत. या सगळ्यांवरून वंशावळ करा आणि प्रतिज्ञापत्रात ‘केरबा ऊर्फ केरू ऊर्फ केरोबा ही एकच व्यक्ती’ असे स्पष्ट लिहा. ‘ऊर्फ’ हा शब्द चुकवू नका. स्वल्पविराम देऊन तीन नावे लिहिली की तीन वारस समजले जातात.

सातबाऱ्यावर ‘केरवा’ किंवा ‘केर्बा’ अशी निव्वळ अक्षराची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत संगणकीकरणापूर्वीचा हस्तलिखित सातबारा जोडावा, कारण चूक कधी शिरली हे त्यावरूनच दिसते. मात्र नावाच्या दुरुस्तीच्या आडून हिस्सा किंवा मालकी बदलायला गेलात तर हे कलम कामाचे नाही, अर्ज फेटाळला जातो. खातेदार वारले असतील तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते. त्या अर्जात मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव दोन्ही लिहावीत. फक्त दाखल्यावरचे लिहिले की ‘या नावाचा खातेदार नाही’ म्हणून कागद परत येतो. आणि राजपत्रात नाव बदलण्याचा खर्च आजोबांसाठी कुणी करू नये. ती सोय हयात माणसाने स्वतःचे नाव बदलण्यासाठी आहे.

कुणाला आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे असेल तर तेही सांगतो, कारण अशी काही घरे आता विचारू लागली आहेत. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती दवाखाना करतो, आणि बारसे व्हायचे असते म्हणून नावाचा रकाना बहुधा मोकळा जातो. नाव नंतर भरता येते, नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण लांबवू नका. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाताना नाव तोंडी सांगू नका, कागदावर ठळक देवनागरीत लिहून न्या आणि दाखला पक्का होण्याआधी ‘ब’ नीट बघा. एकदा नोंद झाली की मूळ ओळ खोडत नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करतात, आणि तिला पुरावा लागतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. त्यात आजोबांच्या नावाला जागाच नाही. तेव्हा केरबा हे नाव चालू ठेवायचे तर ते मुलाचे स्वतःचेच नाव म्हणून ठेवावे लागेल. पत्रिका बघणाऱ्या घरांसाठी एवढेच, की ‘के’ हे अक्षर पुनर्वसूच्या पहिल्या चरणाचे, रास मिथुन. केदार किंवा केशवला जी रास, तीच केरबाला.

शेवटी आपल्या कचेरीकडे एक मागणे. कोल्हापूरच्या प्रत्येक वृत्तपत्रात निधन वार्ता येतात आणि तळाशी रक्षाविसर्जनाचा दिवस असतो. आपल्याकडे रक्षाविसर्जन बहुधा तिसऱ्या दिवशी, त्यामुळे बातमी घाईने, फोनवरून, कुणातरी पुतण्याने किंवा तालमीतल्या पोराने सांगितलेली असते. ऐकणाऱ्याला ‘केरबा’ ओळखीचे नसेल तर तो ‘केरवा’, ‘खेरबा’ किंवा स्वतःला बरे वाटेल ते लिहितो. घरचे लोक ते कात्रण जपून ठेवतात आणि पुढे वारस नोंदीच्या फायलीला जोडतात. तिथे ते कात्रण मदत करण्याऐवजी चौथे रूप उभे करते. म्हणून निधन वार्तेच्या मजकुरासाठी दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात, ‘कागदपत्रांवरील नाव’ आणि ‘ऊर्फ’. नाव फोनवर घेतले तर अक्षरे सुटी करून परत म्हणून दाखवावीत: ‘केरसुणीतला के, र, बाजरीतला बा’. पुरवणीतल्या यादीत ‘केरबा’पुढचा ‘हिणकस’ हा शेरा काढून दुरुस्तीची चौकट येत्या रविवारी त्याच पानावर छापावी. अर्थाच्या जागी ‘केरावर ठेवून उचललेले, जगावे म्हणून जपलेले मूल’ एवढे छापले तरी चालेल.

आपले,
काही मोडी वाचक आणि दस्तलेखक, कोल्हापूर